रस्त्यावरची अंगझडती : पोलिसांचा अधिकार आणि नागरिकाच्या हाती नसलेला कागद

या सदराकडे गेल्या काही आठवड्यांत आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयाची आहेत : रस्त्यात थांबवून खिसे, पिशवी आणि मोबाइल तपासण्याचा पोलिसांना नेमका किती अधिकार आहे आणि त्याचा गैरवापर झाला तर दाद कोणाकडे मागायची. त्यांतील पाच पत्रे निवडून या अंकातील सदर त्यांनाच दिले आहे. पत्रलेखकांची नावे आणि पोलीस ठाण्यांचे उल्लेख वगळले आहेत.

प्रश्न : माझा मुलगा एकवीस वर्षांचा असून घरोघरी जेवणाची पार्सले पोहोचवण्याचे काम करतो. रात्री साडेअकराच्या सुमारास कुर्ला स्थानकाबाहेर साध्या वेशातील दोघांनी त्याला अडवले आणि आपण पोलीस आहोत एवढेच सांगितले. त्यांनी बॅग रिकामी करायला लावली, खिसे तपासले, मोबाइलचे लॉक उघडायला लावून व्हॉट्सॲपवरचे निरोप वाचले आणि काहीच सापडले नाही तेव्हा ‘चल, नीघ’ म्हणून सोडून दिले. तेव्हापासून तो त्या बाजूची ऑर्डर घ्यायला तयार नाही. त्यांना असे करण्याचा अधिकार होता का? (एक वाचक, चुनाभट्टी)

उत्तर : थांबवून विचारपूस करणे, अंगझडती घेणे आणि मोबाइल वाचणे या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि कायद्याने त्यांना वेगवेगळी मापे लावली आहेत, म्हणून उत्तरही तीन भागांत द्यावे लागेल.

थांबवून नाव-गाव विचारणे, कुठून आलास, कुठे चाललास असे विचारणे यात बेकायदा काही नाही. गुन्हा घडू नये यासाठी पावले उचलणे हे पोलिसांचे कर्तव्यच आहे आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७२ नुसार हे कर्तव्य बजावताना पोलिसांनी दिलेले कायदेशीर निर्देश पाळणे नागरिकांवर बंधनकारक आहे. त्यामुळे अशा वेळी थांबावे आणि शांतपणे उत्तर द्यावे, हाच सल्ला मी तरुणांना देतो.

अंगझडतीचे तसे नाही. वाटेल त्याला वाटेल तेव्हा तपासावे असा सरसकट अधिकार देणारे एकही कलम आपल्या कायद्यात नाही. जे अधिकार आहेत ते तुकड्यातुकड्यांनी आहेत आणि प्रत्येक तुकड्याच्या मुळाशी कशाचा तरी ठोस संशय असावा लागतो. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ मध्ये अशी तरतूद आहे की रस्त्यावर किंवा सार्वजनिक ठिकाणी एखाद्याजवळची वस्तू चोरीची असल्याचा प्रामाणिक संशय पोलीस अधिकाऱ्याला आला, तर तो ती वस्तू तपासू शकतो, तिच्याबद्दल खुलासा मागू शकतो आणि खुलासा उघडपणे खोटा किंवा संशयास्पद वाटला तर ती ताब्यात घेऊन दंडाधिकाऱ्यांना कळवू शकतो. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत संशयास्पद स्थितीत आढळणे हाही त्याच अधिनियमाखाली गुन्हा आहे. परंतु त्यासाठी गुन्ह्याच्या हेतूने चेहरा झाकलेला असणे, सबळ कारणाशिवाय घरफोडीचे हत्यार जवळ असणे अशा ठरावीक परिस्थिती त्यात सांगितल्या आहेत. अमली पदार्थ, शस्त्रे आणि दारूबंदी यांविषयीच्या कायद्यांत झडतीचे स्वतंत्र अधिकार आहेत, पण तेही संशयाच्या कारणाशी बांधलेले आहेत. रात्री साडेअकराला पाठीवर बॅग घेऊन कुर्ला स्थानकाबाहेर उभे असणे हे कारण होऊ शकत नाही. या शहरात त्या वेळी हजारो माणसे कामावरून सुटत असतात आणि हजारो कामावर निघालेली असतात.

मोबाइलच्या बाबतीत तर मला कोणतीच शंका वाटत नाही. खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितले आहे. तो अधिकार अमर्याद नाही, परंतु त्यात हस्तक्षेप करायचा तर त्याला कायद्याचा आधार हवा, उद्देश रास्त हवा आणि हस्तक्षेप त्या उद्देशाच्या प्रमाणात हवा. एखाद्या गुन्ह्याशी संबंध असल्याच्या संशयावरून पोलीस मोबाइल जप्त करू शकतात, मात्र ती जप्ती रीतसर कागदावर यावी लागते. ज्याच्याविरुद्ध कोणताही गुन्हा नोंदलेला नाही अशा मुलाला भर रस्त्यात मोबाइल उघडायला लावून त्याचे खासगी बोलणे वाचणे या कसोट्यांवर टिकणारे नाही.

आता या प्रकरणातली मला सर्वांत गंभीर वाटणारी बाब. आपल्या मुलाजवळ काही सापडले असते तर त्याचा पंचनामा झाला असता, मुद्देमालाची यादी झाली असती, संहितेच्या कलम १०५ नुसार जप्तीचे दृकश्राव्य चित्रीकरण करून ते विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठवावे लागले असते. घराची झडती असती तर कलम १०३ प्रमाणे परिसरातील किमान दोन प्रतिष्ठित पंच लागले असते आणि घरात राहणाऱ्याला यादीची प्रत मिळाली असती. तपासादरम्यान वॉरंटशिवाय झडती घ्यायची तर कलम १८५ अन्वये अधिकाऱ्याला आधी कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि त्या नोंदीची प्रत ४८ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांकडे पाठवावी लागते. मुलाजवळ काहीच सापडले नाही, म्हणून यांपैकी काहीच घडले नाही. कोणी थांबवले, कोणत्या कारणाने थांबवले, किती वेळ थांबवले, याची एक ओळही कुठे उमटली नाही. ज्याच्याजवळ काही सापडते त्याच्यापाशी न्यायालयात दाखवायला कागद असतो आणि ज्याच्याजवळ काही सापडत नाही तो रिकाम्या हाताने घरी जातो. रस्त्यावरच्या झडतीची खरी उणीव ही आहे. ज्या गोष्टीची नोंदच होत नाही तिची आकडेवारी माहितीच्या अधिकारातही मिळत नाही, त्यामुळे एखाद्या वस्तीतील, एखाद्या धर्माच्या किंवा एखाद्या कामधंद्यातील मुलांनाच वारंवार अडवले जाते का, या प्रश्नाचे उत्तर पोलीस आयुक्तांनी मनात आणले तरी त्यांना देता येणार नाही.

इंग्लंडमध्ये १९८४ च्या पोलीस व फौजदारी पुरावा कायद्याने हा प्रश्न वेगळ्या रीतीने हाताळला आहे. तिथे झडतीपूर्वी अधिकाऱ्याने आपली ओळख, झडतीचा उद्देश आणि संशयाचे कारण सांगायचे असते, झडतीची नोंद करायची असते आणि झडती दिलेल्या माणसाला तिची प्रत मागता येते. एवढे करूनही कृष्णवर्णीय तरुणांना इतरांहून कितीतरी अधिक वेळा अडवले जाते हे तिथल्या सरकारी आकड्यांतूनच दिसते आणि त्यावर दरवर्षी वाद होतो. पण तो वाद आकडे समोर ठेवून होतो.

मुलासाठी आत्ता करता येण्याजोगी गोष्ट ही की त्याने ती रात्र, वेळ, ठिकाण, त्या दोघांचे वर्णन आणि त्यांनी उच्चारलेले शब्द लगेच लिहून काढावेत. त्या वेळच्या ऑर्डरची नोंद त्याच्या ॲपमध्ये असणारच. तिचा स्क्रीनशॉट काढून ठेवावा, म्हणजे तो तिथे कशासाठी होता हे सिद्ध करायला दुसरा पुरावा शोधावा लागणार नाही. आणि पुन्हा असा प्रसंग आला तर साध्या वेशातील माणसाकडे ओळखपत्र मागण्यात उद्धटपणा नाही. ‘साहेब, आपले ओळखपत्र दाखवा, मग बॅग दाखवतो’ एवढे म्हणणे पुरेसे आहे.

प्रश्न : मी रात्री उशिरा एकटी गाडी चालवत घरी येते. वांद्रे आणि वरळीकडे नाकाबंदीत गाडी थांबवतात. काय दाखवणे भाग आहे आणि काय नाही? (एक वाचक, माहीम)

उत्तर : गणवेशातील पोलीस अधिकाऱ्याने मागितल्यास चालक परवाना दाखवणे मोटार वाहन कायद्याच्या कलम १३० नुसार बंधनकारक आहे; डिजिलॉकरमधील परवाना व गाडीची कागदपत्रेही ग्राह्य धरली जातात. मद्यप्राशनाचा सकारण संशय असेल तर श्वासचाचणीला नकार देऊ नये. रक्तातील अल्कोहोलची मर्यादा १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅम आहे. डिकी उघडायला सांगितले तर कारण विचारावे आणि उघडावी. तिथे हुज्जत घालून हाती काही लागत नाही. मात्र आपली अंगझडती केवळ महिला पोलिसानेच आणि सभ्यतेची पूर्ण काळजी घेऊन घेतली पाहिजे, यात कोणतीही सवलत नाही. महिला पोलीस हजर नसेल तर ती येईपर्यंत थांबण्याची आपली तयारी आहे असे स्पष्ट सांगावे.

प्रश्न : मी व माझा मित्र कार्टर रोडवर बसलो असताना तिघे जण आले. एकाच्या अंगावर खाकी पँट होती. त्यांनी आमचे खिसे तपासले, नंतर ‘तुमच्याकडे गांजा सापडला असे दाखवू, करिअर बरबाद होईल’ असे म्हणत पंचवीस हजार मागितले. शेवटी आठ हजारांवर सुटलो. पैसे त्यांनी स्वतःच्या खात्यावर घेतले नाहीत, कोपऱ्यावरच्या टपरीवाल्याचा क्यूआर कोड स्कॅन करायला लावला. आम्ही काही गुन्हा केला का? आता काय करावे? (एक वाचक, विलेपार्ले)

उत्तर : आपल्या पत्रावर चार दिवसांपूर्वीची तारीख होती आणि या प्रकरणात सात दिवसांची मुदत महत्त्वाची असल्याने आपल्याला आवश्यक तो मजकूर ईमेलने आधीच कळवला आहे. इतर वाचकांसाठी तो इथे सविस्तर देत आहे.

भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर लाच देणे हाही गुन्हा आहे. परंतु ज्याला लाच देण्यास भाग पाडले गेले, त्याने सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला त्याची माहिती दिली, तर त्याच्यावर हा गुन्हा लागत नाही. महाराष्ट्रात यासाठी लाचलुचपत प्रतिबंधक विभाग असून त्याचा १०६४ हा टोल फ्री क्रमांक आहे. भीतीपोटी आठ-दहा दिवस गप्प बसणारे तरुण आपले संरक्षण आपल्याच हाताने घालवून बसतात, म्हणून ही मुदत प्रत्येक घरात माहीत असायला हवी असे मला वाटते.

टपरीवाल्याच्या खात्यावर गेलेले आठ हजार हा आपल्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा आहे. रोख दिली असती तर तिचा माग लागला नसता. त्या व्यवहाराचा क्रमांक, वेळ आणि पैसे घेणाऱ्याचे नाव दिसेल असा स्क्रीनशॉट आणि बँकेचे विवरणपत्र दोन्ही जपून ठेवा. रात्री अमुक वाजता चहाच्या टपरीवर आठ हजारांचा कोणता माल विकला गेला, हे त्या टपरीवाल्याला सांगावे लागेल. त्याच्यावर राग धरू नका. रोज त्याच पोलिसांसमोर धंदा लावणाऱ्या माणसाला नाही म्हणण्याची सोय कितीशी असणार? आसपासच्या इमारती व दुकानांच्या सीसीटीव्हीतील चित्रण थोड्याच दिवसांत पुसले जाऊन त्यावर नवे चढते, म्हणून ते राखून ठेवण्याची लेखी विनंती परिमंडळाच्या पोलीस उपायुक्तांकडे त्वरित करा आणि सोसायटीलाही तशी चिठ्ठी द्या.

गांजा ‘दाखवण्याच्या’ धमकीबद्दल. अमली पदार्थविषयक १९८५ च्या कायद्याचे कलम ५० सांगते की अंगझडती घेण्यापूर्वी, संबंधित व्यक्तीने मागणी केल्यास तिला जवळच्या राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा दंडाधिकाऱ्यासमोर नेले पाहिजे. हा हक्क आहे हे तिला आधी सांगणे पोलिसांवर बंधनकारक असून तसे न करता केलेल्या अंगझडतीत सापडलेल्या मालाच्या आधारे शिक्षा टिकत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१० मध्ये विजयसिंह जाडेजा खटल्यात दिला. हे कलम शरीराच्या झडतीला लागू आहे, हातातील बॅगेला नाही, हे ध्यानात ठेवावे. त्याच कायद्याच्या कलम ५८ मध्ये सकारण संशयाशिवाय किंवा त्रास देण्यासाठी झडती घेणाऱ्या अधिकाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

आणि ही धमकी पोकळ समजू नये. ऑगस्ट २०२४ मध्ये सांताक्रूझच्या कलिना भागात झडतीच्या वेळी एका माणसाच्या खिशात पोलिसानेच काहीतरी ठेवल्याचे सीसीटीव्हीत दिसले. त्याच्याजवळ अमली पदार्थ सापडल्याचा आरोप होता. चित्रण बाहेर आल्यावर त्याची सुटका झाली आणि चार पोलिसांना निलंबित करण्यात आले. भिंतीवर तो कॅमेरा नसता तर त्या माणसाच्या शब्दाला पोलिसांच्या पंचनाम्यापुढे काय किंमत राहिली असती, याचा विचार करावा.

प्रश्न : मी मुंबई पोलीस दलातून सहायक उपनिरीक्षक म्हणून निवृत्त झालो. तुम्ही मंडळी दर वेळी पोलिसांचे हात बांधायचे सल्ले देता. गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीवर तुकाराम ओंबळे यांनी कागद भरत बसायचे होते का? रात्रभर पावसात उभे राहणाऱ्या हवालदाराची बाजू कोण मांडणार? (एक वाचक, वरळी)

उत्तर : आपल्या पत्रातील कळकळ मी समजू शकतो आणि ओंबळे यांचे नाव या शहरात कोणीही हलक्या स्वरात घेत नाही. हातात केवळ लाठी असताना त्यांनी कसाबची बंदूक धरून ठेवली, गोळ्या अंगावर झेलल्या आणि त्यामुळे तो जिवंत सापडला. मरणोत्तर अशोकचक्र त्यांना मिळाले ते यथार्थ होते. पण ती नाकाबंदी कशाच्या आधारावर लागली होती ते आठवून पाहा. पळवून नेलेल्या स्कोडा गाडीची माहिती नियंत्रण कक्षाकडून बिनतारी संदेशाने पोहोचली होती आणि चौपाटीवरचे पोलीस नेमक्या त्याच गाडीची वाट पाहत होते. ठोस माहितीवर आधारलेला संशय कसा असतो याचे याहून मोठे उदाहरण माझ्यापाशी नाही. अशा कारवाईला कोणताही कायदा आडवा येत नाही. प्रश्न आहे तो कारण नसताना रोजच्या रोज होणाऱ्या झडत्यांचा.

हवालदाराची बाजू तर मांडायलाच हवी आणि नोंद ही त्याच्याही बाजूची गोष्ट आहे असे माझे मत आहे. प्रामाणिक पोलिसावर खोटी तक्रार झाली तर आज त्याच्याही हातात काही नसते. झडतीच्या वेळी नाव, वेळ, ठिकाण, कारण आणि निष्पत्ती एवढ्या पाच गोष्टी मोबाइलवर नोंदवून त्याची प्रत समोरच्याला संदेशाने पाठवायला दोन मिनिटे लागतील. ई-चलानाच्या यंत्रावर मुंबईचे वाहतूक पोलीस याहून अधिक तपशील रोज भरतात. तेव्हा तंत्रज्ञानाची अडचण सांगता येणार नाही. कामाच्या ताणाबद्दल आपण लिहिले आहे ते खरे आहे. आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग मुंबईत २०१६ मध्ये देवनार पोलीस ठाण्यातून सुरू झाला, त्याचे इतके स्वागत का झाले हे पोलीस वसाहतीत राहिलेल्या माणसाला सांगायला नको. बारा-बारा तास उभ्या असलेल्या माणसाकडून सौजन्याची अपेक्षा करताना त्याला विश्रांती देण्याची जबाबदारी शासनाने उचललीच पाहिजे. त्या मागणीसाठी आपण लिहाल तर हे सदर आपल्याला उपलब्ध आहे.

प्रश्न : झडतीचे मोबाइलवर चित्रीकरण केले तर आमच्यावरच गुन्हा दाखल होईल का? आणि तक्रार त्याच पोलीस ठाण्यात द्यायची असेल तर उपयोग काय? (एक वाचक, कांजूरमार्ग)

उत्तर : सार्वजनिक रस्त्यावर पोलिसांच्या कामाचे चित्रीकरण करण्यास सर्वसाधारण मनाई करणारा कायदा नाही. पोलीस ठाणे हे शासकीय गुपिते कायद्याखालील ‘प्रतिबंधित ठिकाण’ नाही, म्हणून तिथे चित्रीकरण केल्याबद्दल त्या कायद्याखाली गुन्हा होत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. मात्र अंगावर धावून जाणे, हात धरणे, रस्ता अडवणे यांपैकी काही घडले तर सरकारी कामात अडथळा आणल्याचे कलम लावायला निमित्त मिळते. थोडे अंतर ठेवून, न बोलता चित्रीकरण करावे. शक्य असेल तर ते काम झडती देणाऱ्याने न करता सोबतच्या माणसाने करावे.

तक्रार त्याच ठाण्यात देण्याची सक्ती नाही. परिमंडळाच्या उपायुक्तांकडे किंवा थेट पोलीस आयुक्तांकडे ती देता येते. त्यापलीकडची दाद पोलीस दलाच्या बाहेर आहे. सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंह खटल्यात २२ सप्टेंबर २००६ रोजी राज्यांना स्वतंत्र पोलीस तक्रार प्राधिकरणे स्थापण्याचा आदेश दिला. महाराष्ट्राने त्यासाठी पोलीस अधिनियमात दुरुस्ती केली ती २०१४ मध्ये. मधली आठ वर्षे कोणाच्या फायद्याची ठरली हे वाचकांनीच ठरवावे. विहित कार्यपद्धती न पाळता केलेली अटक किंवा स्थानबद्धता, खंडणी, भ्रष्टाचार आणि अधिकाराचा गंभीर गैरवापर या तक्रारी राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाच्या कक्षेत येतात. प्राधिकरण स्वतः शिक्षा करत नाही, चौकशी करून अहवाल शासनाकडे पाठवते. ही त्याची मर्यादा आहे आणि ती दूर व्हायला हवी. राज्य मानवी हक्क आयोगाकडे घटनेपासून एका वर्षाच्या आत, कोणतेही शुल्क न भरता तक्रार करता येते.

महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे कलम १४७ फार कमी लोकांना ठाऊक आहे. त्रास देण्याच्या हेतूने आणि गरज नसताना एखाद्याला अडकवून ठेवणे, त्याची झडती घेणे किंवा त्याला अटक करणे हा त्या कलमाखाली पोलिसाने केलेला गुन्हा ठरतो. मात्र कर्तव्याच्या नावाखाली केलेल्या कृत्यांबद्दल न्यायालयात जाण्यासाठी त्याच अधिनियमात थोडक्या मुदतीची अट आहे, म्हणून वकिलाचा सल्ला लगेच घ्यावा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. महिला, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि कोठडीत असलेल्यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

कोणाला पोलीस ठाण्यात नेऊन बसवून ठेवले असेल तर आणखी एक मागणी तक्रारीत घालावी. परमवीर सिंग सैनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी प्रत्येक पोलीस ठाण्याचे प्रवेशद्वार, कोठडी आणि व्हरांडा यांसह सर्व भागांत आवाजासह चित्रण करणारे कॅमेरे बसवून ते चित्रण १८ महिने जपण्याचे निर्देश दिले आहेत. आपण ज्या दिवशी, ज्या तासांत तिथे होतो तेवढ्या वेळेचे चित्रण राखून ठेवावे, असे तारीख व वेळ देऊन लिहावे. अर्ज साध्या कागदावर, मराठीत, हाताने लिहिलेला चालतो. दोन प्रती कराव्यात, एक टपाल कक्षात द्यावी आणि दुसरीवर आवक क्रमांकासह शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.